सुमेधाच्या पिवळ्या सुया

सुमेधा गेल्याचा फोन आला, तेव्हा मला आधी रडू आलं नाही. आपण तिच्या घरात जायचं की नाही, हाच विचार आधी आला. दीड वर्षात मी तिचा उंबरा ओलांडला नव्हता. भांडण नव्हतं. कारण वेगळंच होतं...

आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत. ती रेणू रचायची. एक टोक इलेक्ट्रॉन देणारं, दुसरं ओढून घेणारं. स्फटिकात असे रेणू एकाच दिशेला तोंड करून बसले, तर डोळ्यांना न दिसणारा लेझर आत जातो आणि हिरवा उजेड होऊन बाहेर पडतो. पण बहुधा ते उलटसुलट जोडीनं बसतात आणि एकमेकांचा जोर नाहीसा करतात. दुष्काळाची वर्षं ती, नळाला आठवड्यानं पाणी. काचेच्या नळ्या थंड ठेवायला ती बादलीभर पाणी छोट्या पंपानं पुन्हा पुन्हा फिरवायची. तशात एके दुपारी तिच्या पिवळ्या, सुयांसारख्या स्फटिकांतून हिरवा ठिपका उमटला. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

पुढच्या महिन्यात मी तोच पदार्थ करून पाहिला. माझे स्फटिक चपटे, नारिंगी आले. त्यांतून उजेड नाही. त्यानंतर तिच्याही हातून सुया आल्या नाहीत. कृती तीच, तरी नारिंगीच. जपून ठेवलेल्या सुयाही बाटलीतल्या बाटलीत नारिंगी झाल्या. शास्त्रात याला कारण आहे. जास्त टिकाऊ रूपाचा एक कण पडला, की बाकीचे रेणू त्याच्यासारखे बसतात. तो कण दिसत नाही. धुळीतून, कपड्यांवरून फिरतो. हे ठाऊक असूनही प्रयोगशाळेत एकटी असले की माझ्या अंगावर काटा यायचा.

"तुझ्या अंगावरून येतंय ते," ती एकदा शांतपणे म्हणाली. "मी मुकुंदवाडीला घरीच स्फटिक लावून बघते. तू येऊ नकोस."

तिनं नवी भांडी, नवे कपडे घेतले, मागची खोली बंद केली आणि तिथं बशीत द्रावण सुकत ठेवलं. चहूबाजूंनी इमारती उठत होत्या, बोअर पाडणं चालू होतं. धूळ येऊ नये म्हणून ती प्यायच्या पाण्यात फडकी भिजवून खिडकीच्या फटीत कोंबायची. मग आजारी पडली. "भेटायला येऊ?" मी फोनवर विचारलं. "नको. अजून बशीत काही आलेलं नाही."

तेराव्याला मी अंगणातच उभी राहिले. तिचे यजमान दिगंबरराव बाहेर आले. गंगापूरकडचे, शेतकरी घरातले. तिच्या कामातलं त्यांना फारसं कळत नसे.

"ताई, आज ती खोली उघडली. ती गेल्यापास्नं कुणी गेलं नाय. बशीत काहीतरी उगवलंय."

"रंग कसला?"

"पिवळा. बारीक बारीक सुया हायेत."

मी सांगितल्याप्रमाणे थोड्या सुया त्यांनी नव्या बाटलीत भरून बूच लावलं. लेझर आमच्या प्रयोगशाळेच्या आवारात, दुसऱ्या इमारतीत होता. बाटली बंद होती, तरी मी आत गेले नाही; दिगंबररावच ती घेऊन तिथल्या सहकाऱ्याकडे गेले. पायरीवर बसून राहिले. ते बऱ्याच वेळानं बाहेर आले.

"दिसलं, ताई. हिरवं." मग रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "हे बघाया ती हवी होती."

बाकीच्या सुया त्या खोलीत बशीतच आहेत. दर रविवारी मी फोन करते. दिगंबरराव आधी आत जाऊन बघून येतात, मग बोलतात.

"कशा आहेत?"

"पिवळ्याच."