तुमची गेली काजी?

आमच्या घरात बिजली होती म्हणण्यापेक्षा बिजलीच्या घरात आम्ही होतो, असं म्हणणं जास्त खरं. ती वाटेल तेव्हा यायची, वाटेल तेव्हा जायची आणि लहर लागली की चावायची.

महाल नावाच्या जुन्या वस्तीतलं ते घर बांधलं तेव्हा दिवे तेलाचे होते. तारा मागाहून आल्या. घरमालकानं एकच लाइन घेतली, जिन्याखाली चिनी मातीचा एकच फ्यूज बसवला आणि त्याच्या भरवशावर दोन बिऱ्हाडं सोडून दिली. वर आम्ही नवराबायको, खाली एक शिंपी आणि त्याची बायको. तिला मी वहिनी म्हणायचो. तारांवरचं रबर वाळून पापडासारखं झालं होतं. तारा भिंतीवरच्या लाकडी पट्टीतून नेल्या होत्या; तिचं झाकण उघडलं की रबराचे तुकडे हातात येत. मोरीजवळच्या पितळी बटनाचा तर असा झटका बसे की पाहुणा पुन्हा हात धुवायला उठत नसे.

त्या बटनाखाली माझ्या बायकोनं जेवणाच्या दोन पाटांतला एक आणून ठेवला होता. पाटावर उभं राहायचं, हात कोरडा करायचा, मग दाबायचं. मी पाटावर चढलो की हात जोडून, मान खाली घालून उभा राहायचो. ती ओरडायची, "दाबा आता! बोहल्यावर नाही चढलात." मग मी तिच्याकडे बघून लाजायचो, आणि एवढं झाल्यावर दिवा लागायचा.

दिवाळीच्या आधी ती तापानं गेली. पाट तिथंच राहिला. जेवायला तसाही एकच लागत होता.

कचेरीत माझा धंदा तेजीत होता. साहेबांचा खोकला, हेडक्लार्कची चाल, चपराशाची झोप, सगळं मी करून दाखवायचो आणि टेबलं हसून हलायची. पण पाच वाजले की प्रेक्षक आपापल्या घरी जात. मी जिना चढून कुलूप काढायचो, आणि ते सकाळी पुन्हा लावेपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नसे. एकदा चहाच्या भांड्याला साहेबांचा खोकला करून दाखवला. ते हसलं नाही.

ती लढाईची वर्षं होती. शिंप्याकडे खाकी कपड्यांचे ढीग यायचे आणि संध्याकाळी त्याची बिजलीची इस्तरी धपाधप चालायची. त्याच वेळी मी येऊन बिजलीच्या शेगडीवर चहा ठेवायचो. इस्तरी आणि शेगडी दोघी मिळून एका फ्यूजला झेपत नसत. फट् आवाज व्हायचा, आणि वरखाली अंधार.

बायको गेल्यानंतर हे पहिल्यांदा घडलं तेव्हा वहिनी सवयीनं जिन्याखालून ओरडल्या, "भाऊजी, आमची गेली. तुमचीबी गेली काजी?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "गेली ना जी वहिनी. दिवाळीच्या आधीच गेली."

खाली शिंपी हसू दाबताना खोकला, आणि वहिनी कंदील घेऊन तरातरा वर आल्या.

"दिवे लागायच्या टायमाले असं बोलता काजी? जीभ झडन तुमची!"

"तुम्हीच विचारलं."

"मी बिजलीचं पुसून राहिली होती बाप्पा!" आणि पदर तोंडाला लावून त्या हसल्या, मग रडल्या, मग मला म्हणाल्या, "चला, तार बांधा."

तेव्हापासून तो आमचा रोजचा खेळ झाला. त्यांनी विचारायचं, मी काहीतरी अचाट उत्तर द्यायचं. "गेली, पण निरोप ठेवून गेली." "गेली, माहेरी असेल, पत्ता लावा." शिंपी कंदील धरायचा, मी फ्यूजला तार बांधायचो, आणि माझा अर्धा उकळलेला चहा त्यांच्या चुलीवर पुरा व्हायचा. दिवसभरात कुणी माझ्या घराची चौकशी केली, ती तेवढीच.

लढाईत फ्यूजची बारीक तार मिळेना. शिंप्याला युक्ती सुचली. जुन्या पंख्यातली जाड तार तिपेडी करून त्यानं फ्यूजमध्ये बसवली. "आता जाऊनच दाखवावं तिनं," तो म्हणाला.

गेली नाही खरी. इस्तरी चालली, शेगडी चालली, आणि चार दिवसांनी खालच्या भिंतीवरची लाकडी पट्टी धुमसायला लागली. जळक्या रबराचा वास वर आला तसा मी धावलो. शिंप्यानं मेन बंद केलं, पण तोवर निखारे खुंटीवरच्या कपड्यांवर पडले होते. ते ओढून काढताना वहिनींचा तळहात भाजला.

मिस्त्री आला. ती तिपेडी तार बघून त्यानं कपाळाला हात लावला. "फ्यूज कच्चाच पायजे बाबूजी. तो तुटते म्हणून घर वाचते. तुम्ही त्यालेच पक्का केला, तं मंग भिंतीतली तार जळन." नव्या तारा, प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा फ्यूज, आणि अंगणात खड्डा करून मीठ-कोळशात अर्थिंग, असं त्यानं सांगितलं. घरमालक घाबरून लगेच तयार झाला. नाही म्हणणारा मी एकटाच.

"तारा बदला," मी म्हणालो, "पण फ्यूज एकच राहू द्या."

"काहून?" मिस्त्रीनं विचारलं.

"यांची गेली, तर मला कळायला हवं."

"कळून काय करता?"

मी वळून पाहिलं. वहिनी दारात उभ्या होत्या, तळहाताला फडकं गुंडाळलेलं. "दोन करा," मी म्हणालो.

काम चोख झालं. बटन चावेनासं झालं, तरी मी पाटावर चढूनच दाबायचो. खाली इस्तरी, वर शेगडी, फट् नाही की अंधार नाही. माझा चहा एका दमात उकळायचा आणि मी तो एकटाच प्यायचो. पावसाळा सरला, थंडी पडली. जिन्याखालून हाक आली नाही. कशाला येईल? सगळं ठीक होतं.

एका संध्याकाळी बटन दाबलं आणि खोलीतला एकुलता बल्ब टिचकन् गेला. दुसरा घरात नव्हता. मी तिथंच पाटावर बसून राहिलो. खाली उजेड होता, इस्तरी चालू होती. अंगणातून कुणीतरी गेल्यासारखं वाटलं, पावलं थांबली, मग जिन्याखालून आवाज आला.

"भाऊजी! आमची तं हाये. तुमची एकट्याचीच गेली काजी?"

दोनतीन उत्तरं जिभेवर तयार होती. चांगली होती. एकही बाहेर पडेना.

"हो वहिनी," मी म्हणालो. "माझी एकट्याचीच."

इस्तरी थांबली. शिंपी म्हणाला, "बल्ब गेला असन. उद्या आणून देतो म्हणा."

"उद्याचं उद्या पाहा तुम्ही," वहिनी त्याला म्हणाल्या, आणि मग मला, "खाली या जी. चहा मांडून राहिली."

"बसायला पाट आणू का?"

"आणा. येथं दोनच हायेत."

मी बटनाखालचा पाट उचलला, काखेत मारला आणि भिंत चाचपत जिना उतरलो.