हळद लागलेला अँप

बी-बियाण्याच्या दुकानात अर्धं आयुष्य काढलेला माणूस बंद पाकिटावर विश्वास ठेवत नाही. मी लातूरला असल्याच एका दुकानात मॅनेजर आहे आणि बायकोनं बांधून दिलेला डबासुद्धा वास घेऊन मगच खातो. (बायकोला हे कळल्यापासून डबा मी स्वतःच भरतो.)

संध्याकाळी मात्र मी कलावंत असतो. कीबोर्ड वाजवतो. बारसं, डोहाळजेवण, साठीशांत असले घरगुती कार्यक्रम. अडचण एकच. कीबोर्डच्या पोटातल्या स्पीकरचा आवाज पहिल्या दोन रांगांपर्यंतच जातो. तिसऱ्या रांगेला मी नुसता बोटं नाचवताना दिसतो. एका बारशात तर मागच्या आजीबाईंनी शेजारणीला विचारलं, "ह्ये मघापासून कशाचं टायपिंग करून राहिले गं?"

त्याच आठवड्यात मी अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, घ्यायचं ठरवलं. एका हातात उचलता यावा, लाइट गेली तर बॅटरीवर चालावा आणि शेवटच्या आजीपर्यंत पोचावा, एवढीच अपेक्षा. लातूरच्या एका दुकानात कीबोर्ड काखोटीला मारूनच गेलो.

"सर, याचा बेस ऐका," विक्रेता म्हणाला.

"आधी पंखा बंद करा."

"पंख्यानं काय होतंय, सर?"

"पंख्याच्या आवाजात तुम्ही अँपची खरखर लपवता."

त्यानं पंखा बंद केला. मी शटर अर्धं ओढायला लावलं. मग जाळीला कान लावून सगळ्यात खालची पट्टी दाबली. रिकामं पिंप घरंगळल्यासारखा आवाज आला! तो गिटारचा अँप होता आणि कीबोर्डचे खालचे सूर त्याला झेपत नव्हते. त्यानं दुसरा आणला. तो हलका होता. हलका म्हणजे आत काही नाही. तिसरा जड होता. जड म्हणजे आत काहीतरी भरलंय! शेवटी तो घाम पुसत म्हणाला, "सर, तुम्हाला घ्यायचा काय हाय नेमका? का नुसतं पकडायचं हाय आम्हाला?"

ही बातमी नांदेडला माझ्या साडूंच्या कानावर गेली. साडू म्हणजे शिवराजअप्पा, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लोखंडी सामानाचं दुकान, भजनी मंडळाचे प्रमुख, बोलणं साखरेत घोळलेलं. लगेच फोन आला.

"साडूभाऊ, कामून बेजार होता? नांदेडात दुकानदार वळखीचा हाय. तुमी मॉडेल सांगा, मी स्वतः घिऊन येतो की."

पैशाचं नाव नाही, आढेवेढे नाहीत, वर घरपोच! माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

अप्पा खोकं घेऊन आले, चहा घेतला आणि गेले. मी दार लावून खोकं खिडकीपाशी ओढलं. चिकटपट्टीवर चिकटपट्टी होती! म्हणजे एकदा उघडलेलं. अँपच्या मुठीवर पिवळे डाग. जाळीपाशी लाल बोट उमटलेलं. आणि खोकं उलटं केल्यावर तळातून टपकन तांदळाचे दोन दाणे पडले.

"काय शोधून राहिलात?" बायकोनं, महानंदानं, विचारलं.

"पुरावा. ह्यो अँप कोरा म्हणून दिलाय, पण वापरलेला हाय. तुझ्या दाजीनं भजनी मंडळात वाजवून घेतला अन् मग आपल्याला दिला."

"काहीतरीच! दाजी देवमाणूस हायत."

"देवमाणसालाच भजनाला अँप लागतो!"

मी वायर खोचली. घूंऽऽऽ! "ऐक, ऐक! दमलेल्याचा आवाज हाय का न्हाई?"

महानंदानं शेजारचा फ्रिजचा प्लग काढला. घूं बंद झालं. "फ्रिज अन् ह्यो तुमचा अँप एकाच बोर्डावर लावल्यावर दुसरं काय होईल?" असं म्हणून ती आत गेली. तीही यांना सामील आहे, हे मी ओळखलं. (शेवटी बहीण ती बहिणीचीच असते.)

मन कुठंतरी मोकळं करायला हवं होतं. माझा तबलजी गंगाधर तेव्हा गावी गेलेला. त्याला मोबाइलवर एक लांबलचक व्हॉइस मेसेज बोलून पाठवला आणि मगच मला झोप लागली.

पहिला कार्यक्रम नेमका अप्पांच्याच लेकीचा निघाला. सुवर्णाचं डोहाळजेवण, मुखेडला, तिच्या सासरी. अप्पांचे व्याही मोठे मानी गृहस्थ. अंगणात मांडव, निम्मं गाव पाहुणं. मी अँप खुर्चीवर ठेवून त्याचं तोंड जरा वर केलं, म्हणजे आवाज पुढच्यांच्या डोक्यावरून मागं जाईल. एका बटणावर कीबोर्डचा आवाज, दुसऱ्यावर मोबाइलचा. गंगाधर नव्हता म्हणून तबल्याचा ठेका मोबाइलमधून, ब्लूटूथनं अँपला जोडलेला. आणि वाजला हो! शेवटची रांग मान डोलवायला लागली. अप्पा कौतुकानं व्याह्यांना म्हणाले, "आमचे साडू!" मी मनात म्हटलं, लबाड!

ओटी भरायची वेळ झाली तेव्हा मी कीबोर्डचं बटण शून्यावर आणलं आणि पाय मोकळे करायला घरामागं पाण्याच्या टाकीपाशी गेलो. मोबाइल पाहतो तर गंगाधरचा निरोप : 'तुझं अर्धंच कळलं. साडूनं काय केलं म्हणालास?'

आपण नेमकं काय बोललो होतो, हे ऐकावं म्हणून मी माझाच मेसेज लावला आणि फोन कानाला लावला. काहीच ऐकू येईना. आवाज वाढवला. तरी नाही. पूर्ण वाढवला. फोनसुद्धा अप्पांच्याच भावानं घेऊन दिलेला! मी दात-ओठ खात मेसेज पुन्हा पहिल्यापासून लावला.

तेवढ्यात पुढच्या अंगणातून कुणीतरी भाषण करत असल्याचा आवाज यायला लागला. घोगरा, चिरका, ऐकवत नव्हता. माझ्या परवानगीशिवाय माझ्या अँपला हात? आणि असल्या आवाजाच्या माणसानं? त्याला रंगेहाथ पकडायला मी धावत पुढं आलो.

मांडवात सगळ्यांच्या माना अँपकडं वळलेल्या. ओटीच्या तांदळाची मूठ हवेतच थांबलेली. आणि अँप गर्जत होता :

"...आपल्या भजनी मंडळात आठ दिवस बडवला असंल, अन् मग मला नवा म्हणून चिकटवला! हळदीचे डाग हायत त्याच्यावर! तांदूळ निघाला! बोलतोय मातर कसा गोड! असल्या गोडबोल्यापासून च्यार हात लांब रहावं, गंगाधर..."

"कोण हाय हा?" मी ओरडलो. "बंद करा त्याला आधी!"

व्याह्यांनी शांतपणे माझ्या हातातल्या फोनकडं बोट दाखवलं. "पाव्हणं, तुमीच हाव की."

मग मी फोन बंद करायला गेलो. बोट घसरलं आणि तबल्याचा ठेका सुरू झाला. धा धिं धिं धा! त्या शांततेत तो जेवढा वाजला, तेवढा गंगाधरचा तबला कधी वाजला नाही.

सगळ्यात आधी माझी मेहुणी उठली. शकुंतलाक्का, अप्पांची बायको. हातात हळदीकुंकवाचं ताट. ती मला म्हणाली, "हळद म्या लावली, भाऊजी. नवी वस्तू, त्यात गाण्याची. देवापुढं ठिवून पूजा केल्याबिगर कशी देऊ? खोकं म्या उघडलं. अक्षता बी म्याच टाकल्या. तुमचे कार्यक्रम वाढावे म्हणून."

अप्पांची मान खाली गेली होती. लेकीच्या सासरी, व्याह्यांच्या शेजारी बसून त्यांनी हे ऐकलं होतं. मला जमिनीत जायला जागा हवी होती. पण अंगण सिमेंटचं. मी जाऊन त्यांच्या पायांना हात लावला.

"अप्पा, चुकलो."

अप्पांनी मला उठवलं. डोळे ओले होते, पण मिशी हलत होती. "शक आला तर मला इचारायचं, साडूभाऊ. सगळ्या मुखेडला कामून इचारलं?"

पहिल्यांदा सुवर्णा हसली. मग तिची सासू, आणि मग तो मांडव असा हसला की डोहाळकरणीला पाणी द्यावं लागलं. व्याही तेवढे गंभीर होते. ते उठले, अँपभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "आवाज मातर लख्ख हाय. माझी आई मागं भिंतीला बसली होती. तिला बी एकूणएक शबूद कळाला."

परतीच्या एसटीत महानंदा माझ्याशेजारी बसली नाही. तिनं तिथं अँप ठेवला आणि स्वतः तीन सीट पुढं जाऊन बसली.

पुढं सुवर्णाला मुलगा झाला. बारशाचा फोन खुद्द व्याह्यांचा आला. झालं गेलं विसरून लोक आपल्याला बोलावतात, या विचारानं मी भरून पावलो. कोणती गाणी घ्यायची, ठेका कोणता, सगळं उत्साहानं सांगायला लागलो.

"ते ऱ्हाऊ द्या," व्याही म्हणाले. "अँप तेवढा धाडून द्या. वाजवणाऱ्याचा काही भरवसा न्हाई."