रेजिसचं नाक

रेजिस मोर्लोने छत्तीस वर्षं नाकावर संसार चालवला. बोन शहरात तो वाइनचा दलाल होता. शेतकऱ्याच्या तळघरात उतरायचं, पिंपातली वाइन हुंगायची, तोंडात घोळवायची आणि बरी की वाईट ते सांगायचं. त्याने मान डोलावली की सौदा पक्का, कागद मागाहून. अशा माणसाचं नाक चार वर्षांपूर्वी तापाच्या साथीत गेलं आणि त्याने कोणाला पत्ता लागू दिला नाही. बायकोलासुद्धा नाही. काही महिन्यांनी गुडघे धरतात असं सांगून त्याने धंदा सोडला, एवढंच.

बायको सोलांज शाळेत इतिहास शिकवायची. ती निवृत्त झाली आणि तिने गाडीने भटकायचा बेत आखला. सकाळी मठ नाहीतर किल्ला, दुपारी सावकाश जेवण, मग एखादं तळघर. ब्रेस भागातल्या एका खाणावळीत सायीत शिजवलेली कोंबडी आली तेव्हा रेजिस ताटावर वाकला, डोळे मिटले आणि अळंबीच्या वासाबद्दल काहीतरी ठोकून दिलं. सोलांज खूश झाली. तिची ती खुशी बघून त्याने उरलेली कोंबडीही संपवली. तिसऱ्या दिवशी जुराचे डोंगर दिसू लागले आणि ती म्हणाली, तुझे ते एलोई इथेच कुठेतरी राहतात ना, जाऊन येऊ. त्याने गाडी वळवली.

एलोई बूव्रे पिवळी वाइन करायचा. ती पिंपात सहा वर्षं आणि तीन महिने पडून असते. पिंप कितीही उणं झालं तरी वरून भरायचं नाही. वर यीस्टची पातळ साय धरते, तिलाही हात लावायचा नाही. मधूनमधून चाखून बघायची, व्हिनेगर तर झालं नाही ना, बस. तापातून उठल्यावर पंधरा दिवसांनी रेजिस तिथे गेला होता. सर्दी आहे, जाईल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. आता या वाइनचा सगळा जीव वासात. वास काढून घेतला तर जिभेवर उरतो नुसता आंबटपणा. तीन पिंपं चाखून तो म्हणाला, गेली ही. एलोईने वाद घातला नाही. मोर्लोच्या नाकाशी कोण वाद घालणार! तिन्ही पिंपं व्हिनेगरवाल्याकडे गेली.

महिन्याभराने डॉक्टरने सांगितलं, हे नाक आता सुधारणार नाही. तेव्हा रेजिसच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एलोईला लगेच सांगायला हवं होतं. पण सांगितलं की धंदा त्याच दिवशी बुडणार. तो भ्यायला. त्याला दुसरा शब्द नाही.

एलोईने दोघांचं तोंडभरून स्वागत केलं. चीज, सॉसेज, अक्रोड टेबलावर आले. बोलता बोलता त्याने सांगितलं की पिवळी वाइन त्याने त्याच वर्षी बंद केली आणि मळा दुसऱ्याला कसायला दिला. स्वतःच्या नाकाचा भरवसा राहिला नाही म्हणे. मग तो खाली जाऊन एक बाटली घेऊन आला.

"सगळीच जाऊ देणं जिवावर आलं, म्हणून त्या तीन पिंपांतली एवढी एक बाटली भरून ठेवली होती," तो सोलांजला म्हणाला. "बघा बाई, म्हातारपणी माणूस कसा फसतो. मला ही शेवटपर्यंत चांगलीच वाटत होती."

सोलांजने घोट घेतला, थांबली, पुन्हा घेतला. "अहो, ही तर फार सुरेख आहे."

"मन चांगलं आहे तुमचं. नवऱ्याला विचारा."

दोघंही रेजिसकडे बघू लागले. बिघडलीय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सोलांजला वाइनमधलं काय कळतं, असं म्हणून हसत तिघंही जेवायला बसले असते. रेजिसला स्वतःची शिसारी आली.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. "तेव्हाही येत नव्हता. तुमची पिंपं चांगली होती, एलोईदादा. महिन्याभरात मला कळलं आणि मी गप्प बसलो."

सोलांजने ग्लास खाली ठेवला. "आणि परवाची कोंबडी?" तिने हळूच विचारलं.

एलोईने ग्लासात नाक घातलं ते बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"चार वर्षं झाली, दूध नासलंय का ते मी सुनेला विचारतो," तो म्हणाला. "ती हसते मला."

रेजिस घाईघाईने बोलू लागला. पुन्हा पिंप भरू, मी स्वतः राबायला येतो, सगळ्यांना खरं सांगतो, असं बरंच काही.

"सहा वर्षं तीन महिने," एलोई म्हणाला. "मी एकोणऐंशीचा आहे. हिशेब तूच कर."

त्याने रेजिसचा ग्लास काठोकाठ भरला आणि पुढे सरकवला.

"पी. तुला काय, काहीही दिलं तरी चालतं."

रेजिस प्यायला, शेवटच्या थेंबापर्यंत. त्याला ती आंबटच लागली.