पाटीला हात

लढाईच्या काळात केडगावच्या बाजूला लष्करासाठी बराकी बांधायचं काम निघालं होतं. तिथं माती वाहणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादम मी होते. भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी हात लावावा लागतो. तो हात मी लावायचे. माझ्या लेखी मुकादमी म्हणजे तेवढीच.

मग ठेकेदारानं आपला मेहुणा आणून माझ्या जागी उभा केला. बायकांच्या टोळीवर बाप्याच पाहिजे, बाईला कोण भितं, असं मला तोंडावर म्हणाला आणि पाट्या वाहायला लावलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. आजही आठवलं की दात आवळले जातात.

मेहुण्याची मुकादमी म्हणजे नुसतं लिंबाखालून ओरडणं. एका पाटीला दोघी लागल्या की वेळ जातो म्हणे, जिची तिनं उचलायची. आमच्यातल्या एका वयस्क बाईनं तशी उचलली आणि तिची कंबर गेली ती कायमची. हा म्हणाला, नाटकं करतीय. त्याच दुपारी भाकरी खाताना मी सगळ्या बायकांना पढवलं.

गोरा साहेब काम बघायला आला, तेव्हा आम्ही पाट्या काठोकाठ भरून ओळीनं उभ्या होतो. कुणी हलेना. काम का थांबलं, साहेबानं विचारलं. ठेकेदार मेहुण्याकडं बघायला लागला.

मी म्हटलं, "मुकादम, आमी एकमेकीला हात लावायचा न्हाई, तुमीच म्हनला. मग तुमीच लावा की."

साहेबासमोर करतो काय? एकेक पाटी उचलत निघाला. माझ्यापाशी येईतो त्याचा पटका सुटला होता. पाटी घेणारीनं गुडघ्यात जरा वाकायचं असतं. मी वाकले नाही. त्यानं पाटी कशीबशी वर नेली, पण ती माझ्या डोक्यापर्यंत पोचलीच नाही आणि सगळी माती त्याच्याच अंगावर आली. बायका हसल्या. माझं समाधान अजून व्हायचं होतं.

संध्याकाळी ठेकेदार मुकादमी परत द्यायला आला. घेते, म्हटलं, पण तुमचा मेहुणा माझ्या टोळीत पाटी वाहील. काम अडलेलं, त्यानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मेहुणा भरली पाटी पुढ्यात घेऊन इकडंतिकडं बघत उभा राहिला. एकीला दया आली, ती पुढं झाली. मी तिला डोळ्यांनीच मागं सारलं. शेवटी तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, जरा हात लावता का?"

मी ऐकलं, आणि त्याच्या शेजारच्या बाईची पाटी उचलून दिली.