पासष्ट हजार पाचशे चोवीस

हे घरात कुणाला माहीत नाही. स्टाफरूममध्ये तर नाहीच नाही. नवऱ्याला एकदा सांगायला गेलेले, वर्तकनगरच्या नाक्यावर भाजी घेत होतो, पण तो कोथिंबिरीवरून घासाघीस करत होता, आणि मी म्हटलं, जाऊ दे. ते 'जाऊ दे' आजवर चाललंय.

मी डिप्लोमाच्या मुलांना सी प्रोग्रामिंग शिकवते. कल्याणच्या पुढे एक खासगी कॉलेज आहे, नाव कशाला हवंय. मुलं म्हणतात, पॉईंटर शिकावेत तर मॅडमकडूनच. खरंच म्हणतात हो. ऐकलं की मी हसते. आत काही होत नाही. पूर्वी व्हायचं बहुतेक, आता नाही.

पॉईंटर म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, घाबरू नका. कॉम्प्युटरच्या मेमरीत प्रत्येक गोष्टीला जागा लागते, आणि प्रत्येक जागेला नंबर असतो. तो तिचा पत्ता. पॉईंटरमध्ये वस्तू नसते, नुसता तिचा पत्ता असतो. मी वर्गात सांगायचे, आमचं वर्तकनगरचं घर धरा. बिल्डिंग नंबर, खोली नंबर, संपलं. खोली काय उठून चालायला लागते का? मुलं हसायची. मीही हसायचे.

मला तेवढंच येत होतं.

मी शिकले तेव्हा कॉलेजात जुनी मशीन होती, निळ्या स्क्रीनची. पत्ता छापायला सांगितला की आकडा यायचा ६५५२४. परत चालवा, परत तोच. मी तो माझ्या नोट्समध्ये घेतला, आणि शिकवायला लागल्यावर दरवर्षी तोच उतरवून दिला. प्रत्येकाच्या जर्नलमध्ये, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, उत्तर सारखंच पाहिजे हा माझा नियम. तपासायला सोपं पडतं ना! आणि माझी सही असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, त्यामुळे कोण वाद घालणार?

मग लॅबमध्ये नवे कॉम्प्युटर आले. त्यावर भलताच आकडा यायचा, लांबलचक. मुलं काही बोलायची नाहीत, गुपचूप ६५५२४ लिहून मोकळी व्हायची. सुजाता बोलली.

आंबिवलीहून यायची. वडील खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. पहिल्या बाकावर बसायची, सारखी लिहीत. एकदा मी म्हटलं, अगं, जरा श्वास घे! तर म्हणाली, घरी ठरलंय मॅडम, एक वर्ष जरी गेलं तरी माझं कॉलेज बंद, मग भावाला शिकवणार. म्हणजे मला माहीत होतं. हे मला आधीपासून माहीत होतं, एवढं लक्षात ठेवा.

तिने विचारलं, "मॅडम, माझा आकडा वेगळा येतोय. परत रन केलं की परत वेगळा. असं का?"

असं का? मला कुठे ठाऊक होतं! 'बघून सांगते' म्हणायला माझं काय जात होतं? मी म्हटलं, "जास्त शहाणपणा नको. नोट्समध्ये आहे ते लिही." वर्ग खिदळला. तरी तिने जर्नलमध्ये स्क्रीनवर दिसला तोच आकडा लिहिला. मी लाल पेनाने काट मारली, अख्खा प्रयोग परत लिहायला लावला. तिने लिहून आणला. मी सही केली.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत चिठ्ठी उचलायची, निघेल तो प्रोग्राम करायचा. तिला नेमका हाच निघाला. प्रोग्राम बिनचूक लिहिला तिने, चालवला. पण कागदावर उत्तर लिहिताना — मी समोरच बसलेले ना — तिने ६५५२४ लिहिलं. बाहेरून आलेले परीक्षक तरुण होते, कडक. त्यांनी स्क्रीन बघितला, कागद बघितला. म्हणाले, "हा आकडा आणला कुठून?"

सुजाताने माझ्याकडे बघितलं. मी बोलेन असं वाटलं असेल का तिला?

परीक्षकांनीही माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणाले, "पाठ करून आलेली दिसते, सर. समजलेलं काही नाही."

समजलेलं काही नाही. हे मी म्हणाले. तिच्याबद्दल.

थांबा, अजून आहे. परीक्षक खाली चहाला गेले. मी रिकाम्या लॅबमध्ये तिच्याच मशीनवर तिचाच प्रोग्राम चालवला. वेगळा आकडा. परत चालवला. परत वेगळा. फोनवर शोधलं, लगेच सापडलं. नव्या मशीनवर प्रोग्रामला दर वेळी नवी जागा देतात, मुद्दाम, बाहेरच्या कुणाला पत्ता ओळखून आत घुसता येऊ नये म्हणून. मार्कांचं पाकीट अजून बंद झालं नव्हतं. एक जिना उतरून 'सर, चूक माझी आहे' म्हणायचं होतं, बस. मी मशीन बंद केलं. डबा खाल्ला, मेथीची भाजी होती. मग पाकिटावर सही केली.

रडू आलं असं लिहिलं तर बरं दिसेल. नाही आलं.

खोटं उत्तर लिहिलं म्हणून तिला शून्य मिळालं. वर्ष गेलं, आणि कॉलेजही. पुढच्या बॅचला मी नोट्स बदलल्या, कुणी विचारलं नाही का ते. तेव्हापासून मी पॉईंटर चांगले शिकवते.

तिचा दाखला न्यायला वडील आले, तिला घेऊन. डेपोतून सरळ आलेले, खाकी कपड्यांत. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, पोरीमुळं तुम्हाला बाहेरच्या सायबापुढं खाली बघायला लागलं. माफ करा." म्हणजे तिने घरीही माझं नाव घेतलं नव्हतं. ती मागे उभी होती, माझ्याकडेच बघत.

मी म्हटलं, "असू दे. यापुढे खोटं लिहू नकोस हं, बाळ."

वडिलांनी तिला माझ्या पाया पडायला सांगितलं. ती वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.