मामांचं गवत

"पाठ फिरवा, डोळे मिटा, मग टाका."

परिसरशास्त्राच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला मामांनी लोखंडी सळ्यांची चौकट माझ्या हातात दिली आणि एवढंच सांगितलं. मीटरभर लांब, मीटरभर रुंद. न बघता गवतात फेकायची आणि पडेल तिथे गुडघे टेकून आतली सगळी रोपं जातवार मोजायची. बघून फेकली की माणूस सोयीची जागा निवडतो, म्हणून पाठ.

मी पाठ फिरवली, फेकली. चौकट सरांच्या स्कूटरवर पडली.

"चालेल ने, ताई," मामा म्हणाले, "स्कूटरवर काय उगवलंय ते लिहा. शून्य पण आकडाच."

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची. लेक पुण्याला शिकायला गेली, घर सुनं झालं, आणि "माझ्यावर चिडचिड करण्यापेक्षा काहीतरी शिक" असं नवऱ्याने सुचवलं. वर्गातली पोरं मला आंटी म्हणत आणि मी, त्यांचंच बघून, बारा वर्षांनी मोठ्या लॅब असिस्टंटला मामा.

मामा शहराच्या टोकाच्या तरसालीहून सायकलवर येत. पूर्वज गायकवाडी फौजेत होते, हे ते चहाबरोबर हमखास सांगत. "पणजोबा पलटण सांभाळायचे, मी गवत सांभाळतो." विभागामागे तारेचं कुंपण घातलेला जमिनीचा तुकडा होता, तेच त्यांचं राज्य. दर दिवाळीनंतर माळी कापणीचं यंत्र घेऊन येई आणि मामा त्याला चहा पाजून परत पाठवीत. "ही ध्रो, म्हणजे आपली हरळी. हा माका. ही विष्णुक्रांता, हिच्यावर पाय देऊ नका." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पगार वस्तू मांडण्याचा घेतात आणि जीव भलतीकडेच लावून बसतात.

वर्षभर दर महिन्याला एकाने मोजणी करायची होती. श्रावण माझ्या वाट्याला आला. बारा चौकटी, खाली चिखल, कानाशी डास आणि माझे गुडघे. मी डोळे उघडे ठेवून पहिली चौकट पायरीजवळच्या बोडक्या जागेत टाकली. पाचच जाती निघाल्या. उरलेल्या अकरा चौकटी मी पायरीवर बसून भरल्या. त्याच पाच जाती, आकडे थोडे इकडेतिकडे. मामांनी वही उघडली, पानं उलटली, माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि खाली सही केली.

मी मनात म्हटलं, वाचले.

फाल्गुनात वर्गात सांगण्यात आलं, मागच्या जागेवर पार्किंग होणार. जागा ठरवणाऱ्या समितीने श्रावणाची तेवढी वही मागवून पाहिली होती, कारण गवत तेव्हाच सर्वात दाट. ऐन पावसाळ्यातही पाचच जाती, त्यात राखण्यासारखं काय आहे?

मामांनी मला बाहेर बोलावलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी श्रावणाची पानं उघडली, एकेका आकड्यावरून बोट फिरवलं.

"इथे चाळीसच्या वर जाती आहेत, ताई."

"मामा, चुकलं माझं. मी..."

"मला तेव्हाच कळलं होतं. म्हटलं, या वयात शिकतायत, कशाला बोला. माझी पण सही आहे ने खाली." वही मिटून ते म्हणाले, "बसा, चहा मागवतो."

मी चहा प्यायले. माझ्या निर्लज्जपणाला त्या दिवशीही चहात साखर कमी वाटली.

घरी येऊन अर्ज लिहिला. श्रावणाची मोजणी खोटी आहे, समितीने ती धरू नये, नव्याने मोजावं. अर्जाची घडी पर्समध्ये ठेवली. मध्ये प्रॅक्टिकलची परीक्षा होती. ती होऊन जाऊ दे म्हटलं. नऊ दिवस तो अर्ज माझ्याबरोबर भाजी आणायलासुद्धा आला.

दहाव्या दिवशी विभागात गेले तर मागे जेसीबी उभा. मामा ड्रायव्हरला हात जोडून सांगत होते, "भाई, पेली बाजुथी शरू करो ने. अहीं टिटोडीनां ईंडां छे." खड्यांमध्ये टिटवीची चार अंडी होती, मातीच्याच रंगाची. ड्रायव्हर भला होता. त्याने पलीकडून सुरुवात केली.

मी तशीच वर साहेबांकडे, म्हणजे विभागप्रमुखांकडे, गेले. त्यांनी अर्ज वाचला, खिडकीबाहेर पाहिलं आणि विचारलं, "हे मागच्या आठवड्यात का नाही आणलंत?" मी पर्सची चेन लावली आणि निघाले.

खाली आले तेव्हा मामा कुंपणाच्या तारेला धरून उभे होते. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती.

"वर काय काम होतं, ताई?"

"काही नाही, मामा. असंच."

दुपारपर्यंत जेसीबी फिरून या बाजूला आला.

सोमवारी लॅबमध्ये दुसराच माणूस चौकटी मोजून ठेवत होता. मामांना निवृत्त व्हायला अजून चार महिने होते, म्हणून ऑफिसात जाऊन विचारलं. क्लार्कने रजिस्टर माझ्याकडे वळवून दाखवलं. इतक्या वर्षांत मामांनी रजा अशी घेतलीच नव्हती. सगळी शिल्लक होती. ती त्यांनी एकदम टाकली होती, थेट निवृत्तीच्या दिवसापर्यंत.