नावाच्या खुर्च्या

मी बी.ए. झालो तो माझ्या आत्यामुळे. आमच्या घराण्यात तोवर कुणी चौथीपुढे गेलं नव्हतं. तिनं मला तिरोड्याला आपल्या घरी ठेवून घेतलं, मॅट्रिक करवलं, आणि गोंदियात कॉलेज निघालं तेव्हा माझ्या वडिलांना सांगितलं, "दुसरा बैल शोध. हा पोरगा नांगराच्या कामाचा नाही."

म्हणून कॉलेजबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. कॉलेजच्या संगीत मंडळाबद्दल मात्र नाही.

मंडळात गाता येणारा एकही माणूस नव्हता. चिटणीस इंग्रजीचे प्राध्यापक, पुण्याकडचे. त्यांना गाण्यातलं काय कळत होतं ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. पण गाणं चालू असताना डोळे मिटून मान हलवायची, एवढं त्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवलं. मान चुकीच्या जागी हलली तरी चालत असे. तपासणार कोण?

मग मंडळाला सभागृह हवं झालं. राईस मिलवाल्यांनी आणि विडीवाल्यांनी पैसे दिले, आणि त्या बदल्यात प्रत्येक देणगीदाराच्या नावाची खुर्ची ठेवायचं ठरलं. पाठीवर पांढऱ्या रंगात नाव. शेठजींच्या शेजारी शेठाणीची, मग मुलांची. एका घराण्यानं तर पाळण्यातल्या नातवाचीही रंगवून घेतली. देणगीदार पहिल्या कार्यक्रमाला आले, जांभया देऊन गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत. खुर्ची मात्र त्यांची ती त्यांचीच. पुढे जो कुणी गवई येई तो रिकाम्या खुर्च्यांसमोर गाई, आणि आम्ही पोरं मागच्या भिंतीला पाठ लावून उभी. खाली बसायचीही बंदी. त्यानं म्हणे सभागृहाची शान जाते. गवयाला काय वाटत असेल, हा प्रश्न मंडळाच्या एकाही सभेत निघाला नाही.

माझ्या शेवटच्या वर्षी चिटणिसांना लोकसंगीताची हुक्की आली. वार्षिक मैफलीला नागपूरचा एक गवई येणार होता; त्याच्याआधी खेड्यातल्या बायकांनी दहा मिनिटं धानाच्या रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, गाणी म्हणायची. माझी आत्या गाते हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी मला तिरोड्याला पाठवलं. आत्या अंगणात धान पाखडत होती.

"काऊन रे बापू, उभ्यानं म्हणू का रोवण्याचं गाणं? वाकल्याबिगर येत नाही ते मले."

"मग वाक ना, आत्या."

"वाकतो मंग." ती हसली. मग सूप खाली ठेवून हळूच म्हणाली, "पण त्या नागपूरच्या गवय्याचं आयकू देतील का मले? अख्खं? शाळेच्या रेडिओवर लागलं होतं त्याचं गाणं, त मास्तरानं मधातच बंद केलन."

"का नाही देणार?" मी म्हणालो.

तेवढ्यासाठी ती तयार झाली. तिनं चार मैत्रिणी जमवल्या. त्यांना गोंदियाचा बाजार पाहायचा होता, हिला गाणं ऐकायचं होतं.

मैफल तोंडावर आली तेव्हा मी चिटणिसांना विचारलं, या बायकांनी नंतर कुठं बसायचं?

"बसायचं? अहो, मागच्या दारानं यायचं, मागच्याच दारानं जायचं. चहा-चिवडा देऊ की आपण."

"सर, आत्याला मैफल ऐकायची आहे."

"पण खुर्च्या सगळ्या नावाच्या आहेत."

"रिकाम्या असतात, सर."

मंडळाचे खजिनदार, म्हणजे एका शेठजींचे मुनीम, तिथंच पान चघळत होते. "खाली है तो क्या हुआ, भैया? कल कहोगे, सेठजी बाहर गए हैं, उनकी खाट पर सो जाऊँ?"

चिटणीस खदखदून हसले.

"मग भिंतीशी उभी राहील," मी म्हणालो.

"त्या पायांनी? तळ्यावरून बादलीभर चिखल आणवतोय मी. गुडघ्यापर्यंत लावायचा सगळ्यांना, अस्सल वाटलं पाहिजे. तो चिखल घेऊन सभागृहात? नवी फरशी आहे आपली!"

चिखल लावणार हेच आणि चिखल आहे म्हणून बाहेर काढणारही हेच. यात काही चुकतंय असं त्या खोलीत माझ्याशिवाय कुणालाही वाटलं नाही. दोघेही पदवीधर होते.

मी खोलीवर येऊन पत्र लिहिलं. आत्याला वाचता येत नसे. गावातले गुरुजी वाचून दाखवत, आणि कडू मजकूर गाळून टाकत.

"तीर्थरूप आत्यास शिरसाष्टांग नमस्कार. गुरुजींनी हे पत्र पूर्ण वाचावं, काही गाळू नये. आत्या, तू येऊ नकोस. तुमच्या पायांना चिखल फासून गाणं म्हणवून घेतील आणि मागच्या दारानं बाहेर काढतील. त्या गवयाचा एक सूरही तुला ऐकू देणार नाहीत. मी तुला होय म्हणालो होतो, ते या लोकांना माणसं समजून. मैत्रिणींना सांग, बाजार मी दाखवीन. मंडळातून मी नाव काढून घेतलं आहे; मैफलीला मीही जाणार नाही. परीक्षा झाली की नोकरी बघतो. पहिल्या पगारात तुला नागपूरला नेईन. तिथं तिकीट काढलं की कुणालाही बसू देतात, आणि गाणं संपेपर्यंत कुणी उठवत नाही. तुझा भाचा."